डॉ. सुनीती सोलोमन

डॉ. सुनीती सोलोमन (माहेरचे नाव: सुनीती गायतोंडे, जन्म: १४ ऑक्टोबर, १९३८, चेन्नई, मृत्यू: २८ जुलै, २०१५, चेन्नई) या भारतीय वैद्यक आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होत्या. काही नोंदींत त्यांचे जन्मवर्ष १९३९ असे आढळते. १९८६ साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या तपासणीतून भारतात एचआयव्हीचा संसर्ग पोहोचल्याचा पहिला पुरावा मिळाला. १९९३ मध्ये त्यांनी चेन्नई येथे वाय. आर. गायतोंडे एड्स संशोधन व शिक्षण केंद्राची (वायआरजी केअर) स्थापना केली. स्वेच्छेने चाचणी, चाचणीपूर्वी व चाचणीनंतर समुपदेशन, उपचार आणि संशोधन ही सर्व कामे एकाच छताखाली करणाऱ्या देशातील आरंभीच्या संस्थांमध्ये तिची गणना होते. भारत सरकारने २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री दिली.

बालपण आणि शिक्षण

सुनीती यांचा जन्म चेन्नईत (तत्कालीन मद्रास) स्थायिक झालेल्या, चामड्याचा व्यापार करणाऱ्या एका महाराष्ट्रीय हिंदू कुटुंबात झाला. आठ भावंडांत त्या एकट्याच मुलगी होत्या. त्यांच्या लहानपणी दरवर्षी आरोग्य अधिकारी लस टोचण्यासाठी घरी येत असत. वैद्यकशास्त्राची ओढ आपल्याला या भेटींतून लागली, असे त्या पुढे सांगत. ज्यांचे आयुष्य रोगप्रतिकारक्षमता नष्ट करणाऱ्या विषाणूशी झुंजण्यात गेले, त्यांचा या क्षेत्राशी पहिला परिचय लसीकरणातून झाला हा योगायोग लक्षणीय आहे.

मद्रास मेडिकल कॉलेजातून त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली. तेथेच त्यांची हृदयशल्यविशारद सोलोमन व्हिक्टर यांच्याशी ओळख झाली आणि पुढे दोघांचा विवाह झाला. महाराष्ट्रीय हिंदू मुलीने ख्रिस्ती तमिळ डॉक्टरशी लग्न करणे त्या काळच्या मद्रासमध्ये सहज घडणारी गोष्ट नव्हती. विवाहानंतर ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या देशांत त्यांनी विकृतिशास्त्राचे प्रशिक्षण घेतले. १९७३ मध्ये हे दांपत्य चेन्नईला परतले. आपल्या कामाची गरज भारतात अधिक आहे, अशी सुनीती यांची धारणा होती. त्यानंतर त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले, मद्रास मेडिकल कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र संस्थेत अध्यापन सुरू केले आणि यथावकाश त्या प्राध्यापक झाल्या.

१९८६ ची तपासणी

अमेरिकेत १९८१ मध्ये काही तरुण पुरुषांत प्रतिकारशक्ती ढासळल्याची चमत्कारिक उदाहरणे नोंदवली गेली. १९८३-८४ पर्यंत फ्रान्स व अमेरिकेतील प्रयोगशाळांनी त्यामागचा विषाणू ओळखला. सोलोमन हे सर्व शोधनिबंध बारकाईने वाचत होत्या. भारतात मात्र हा पाश्चात्त्यांचा, तेथील मोकळ्या राहणीचा रोग आहे आणि आपल्या कुटुंबव्यवस्थेमुळे तो येथे येणार नाही, असा समज वैद्यकीय वर्तुळातही प्रचलित होता. मुंबईसारख्या शहरांतून घेतलेले काही नमुने तोवर निर्दोष निघाले होते, त्यामुळे या समजाला बळही मिळाले होते.

१९८५ च्या अखेरीस सोलोमन यांनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला पदव्युत्तर प्रबंधासाठी हाच विषय सुचवला. समलिंगी पुरुषांचा समाज भारतात उघडपणे वावरत नसल्यामुळे देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्त तपासायचे ठरले. निर्मला यांनी सुधारगृहात ठेवलेल्या स्त्रियांचे नमुने गोळा केले. रक्तद्रव वेगळा करण्यासाठी सोलोमन यांनी जुजबी साधनांची जुळवाजुळव केली, आणि साठवणीची सोय नसल्याने नमुने निर्मला यांच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवावे लागले. चेन्नईत एलायझा चाचणीची व्यवस्था नव्हती. फेब्रुवारी १९८६ मध्ये निर्मला आणि त्यांचे पती हे नमुने बर्फात घालून रात्रीच्या रेल्वेने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात घेऊन गेले. तेथे विषाणुतज्ज्ञ जेकब जॉन यांच्या प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि सहा नमुन्यांत एचआयव्हीविरोधी प्रतिपिंडे आढळली. अमेरिकेत झालेल्या फेरतपासणीतही हाच निष्कर्ष आला.

मे १९८६ मध्ये तमिळनाडूचे आरोग्यमंत्री एच. व्ही. हंडे यांनी विधानसभेत ही माहिती जाहीर केली. प्रथम अविश्वास व्यक्त झाला, मग भीतीने त्याची जागा घेतली. या शोधाचे श्रेय देताना निर्मला यांचे नाव दीर्घकाळ मागे पडले. प्रत्यक्ष नमुने मिळवण्याचे जोखमीचे काम त्यांनी केले होते, हे नमूद करणे आवश्यक आहे. ज्या स्त्रियांच्या रक्तातून हा शोध लागला त्यांच्या वाट्याला श्रेय तर आले नाहीच, उलट रोग पसरवणाऱ्या म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवले गेले. पुढच्या काही वर्षांत शासनाचा कलही बाधित व्यक्तीला वेगळे ठेवण्याकडे राहिला. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला केवळ चाचणी बाधित आल्याच्या कारणावरून तेथील सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली ६४ दिवस स्थानबद्ध करण्यात आले होते. सोलोमन यांचे पुढील कार्य या पार्श्वभूमीवर पाहावे लागते.

वायआरजी केअरची स्थापना

१९८८ ते १९९३ या काळात सोलोमन यांनी मद्रास मेडिकल कॉलेजात एड्सविषयक माहिती व साहाय्य गट उभारून चालवला. चाचणी बाधित आल्याचे कळताच रुग्णालये रुग्णाला दाखल करून घेण्यास नकार देत, शस्त्रक्रिया लांबवत, प्रसूतीसाठी आलेल्या बाईला परत पाठवत. घरातूनही अनेकांना बाहेर काढले जाई. चाचणीनंतर रुग्णाचे काय, या प्रश्नाला सरकारी चौकटीत उत्तर मिळेना. तेव्हा सोलोमन यांनी सरकारी नोकरी सोडली आणि १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने वायआरजी केअरची स्थापना केली.

त्यांच्या पतीला आरंभी हे काम पसंत नव्हते. संसर्गाची भीती होतीच, शिवाय त्या वेळचे रुग्ण प्रामुख्याने समाजाने दूर लोटलेल्या वर्गांतील होते. रुग्णांच्या कहाण्या जवळून ऐकल्यावर त्यांचे मत पालटले, असे सोलोमन यांनी नंतर सांगितले आहे. संस्थेचे काम प्रथम टी. नगर भागात चाले. पुढे ते तरमणी येथील व्हॉलंटरी हेल्थ सर्व्हिसेसच्या आवारात गेले. सोलोमन यांच्या निधनाच्या सुमारास तेथे सुमारे १५,००० रुग्णांची नियमित देखरेख होत होती आणि दररोज शंभराच्या आसपास रुग्ण बाह्यरुग्ण विभागात येत असत.

रुग्णाशी हस्तांदोलन करणे, त्याच्या खांद्यावर हात ठेवणे, त्याच्याशी मुखपट्टीविना बोलणे या त्यांच्या सवयींचा उल्लेख त्यांच्याविषयीच्या बहुतेक लेखनात येतो. आज यात विशेष काही वाटणार नाही. १९९३ मध्ये मात्र अनेक डॉक्टर बाधित रुग्णाच्या केसपेपरलाही हातमोजे घालून हात लावत. त्यामुळे तपासणीइतकेच महत्त्व त्यांनी प्रशिक्षणाला दिले आणि डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक, महाविद्यालयीन विद्यार्थी अशा अनेकांना या रोगाची शास्त्रीय माहिती दिली. एड्स सोसायटी ऑफ इंडियाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले.

विवाहित स्त्रिया आणि त्यांची मुले

केंद्रात येणाऱ्या स्त्रियांच्या नोंदींतून एक गोष्ट लवकरच स्पष्ट झाली. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया गृहिणी होत्या आणि त्यांचा संबंध आयुष्यात केवळ पतीशीच आला होता. सोलोमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दक्षिण भारतातील बाधित स्त्रियांचे हे चित्र मांडले. एकनिष्ठा हाच बचाव, या प्रचाराला त्यामुळे मोठा छेद गेला. कारण पत्नी एकनिष्ठ असूनही धोका टळत नव्हता. अनेक घरांत पतीचा मृत्यू झाल्यानंतरच पत्नीची चाचणी होई, आणि तिच्यानंतर मुलांची.

आईकडून मुलाला होणारा संसर्ग गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा स्तनपानातून होतो. कोणताही उपाय न केल्यास तो होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. योग्य औषधांनी ते ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. १९९९ मध्ये युगांडातील चाचणीने नेव्हिरापिनची एक मात्रा आईला व एक बाळाला दिल्यास संसर्ग बऱ्याच प्रमाणात टळतो असे दाखवले आणि गरीब देशांना परवडणारा पहिला मार्ग खुला झाला. बाळाला हेच औषध सहा आठवडे दिल्यास स्तनपानाच्या काळात किती संरक्षण मिळते, याचा अभ्यास पुढे इथिओपिया आणि युगांडाबरोबरच पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातही झाला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. आज रायगड जिल्ह्यातील पेण किंवा रोह्यासारख्या तालुक्याच्या गावी सरकारी रुग्णालयात गरोदर स्त्रीचे नाव नोंदवले गेले की हिमोग्लोबिन आणि लघवीच्या तपासणीबरोबर एचआयव्हीची चाचणीही समुपदेशनासह केली जाते. चाचणीला समुपदेशनाची जोड असलीच पाहिजे, हा आग्रह सोलोमन यांनी ज्या काळात धरला, तेव्हा देशात अशी केंद्रे बोटांवर मोजण्याइतकी होती.

मुलांच्या बाबतीत चाचणीही सोपी नसते. बाधित आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात सुमारे अठरा महिन्यांपर्यंत टिकू शकतात. त्यामुळे नेहमीची चाचणी बाळाला बाधित ठरवते, पण प्रत्यक्षात ते निरोगी असू शकते. विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी करावी लागते. टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब कागदावर वाळवून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवण्याची ही सोय भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१० पासून सुरू झाली. तत्पूर्वी असंख्य मातांना मूल दीड वर्षाचे होईपर्यंत वाट पाहावी लागत असे, आणि उपचार न मिळालेली बाधित मुले मोठ्या संख्येने त्या काळातच दगावत. आफ्रिकेतील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात अशी निम्मी मुले दोन वर्षांची होण्याआधीच मरण पावल्याचे २००४ मध्ये दिसून आले.

प्रतिकारपेशींची मोजणी

एचआयव्ही विषाणू मुख्यत्वे सीडी४ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या पेशींत शिरतो. या पेशी स्वतः जंतूंना मारत नाहीत. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या आणि बाधित पेशी नष्ट करणाऱ्या इतर पेशींना त्या कामाला लावतात. त्या घटत गेल्या की एरवी निरुपद्रवी असणारे जंतूही जीवघेणे ठरतात. निरोगी प्रौढाच्या एक घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारणपणे ५०० ते १,५०० असतात. त्या २०० च्या खाली गेल्या की क्षय, न्यूमोनिया, मेंदूज्वर यांचा धोका झपाट्याने वाढतो. सोलोमन यांच्या केंद्राने दक्षिण भारतातील रुग्णांच्या दीर्घकालीन नोंदींवरून या रोगाची वाटचाल २००३ मध्ये मांडली, तेव्हा येथील रुग्णांत क्षय हाच सर्वांत मोठा संधिसाधू रोग असल्याचे त्यातून दिसले.

या पेशी मोजणारी यंत्रे अत्यंत महाग होती. एकेका तपासणीचा खर्च अनेक रुग्णांच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतका पडे. त्यामुळे औषध केव्हा सुरू करायचे आणि त्याचा गुण येतो आहे की नाही, हे ठरवण्याचे साधनच बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते. वायआरजी केअरच्या प्रयोगशाळेने परदेशी सहकाऱ्यांसह साध्या सूक्ष्मदर्शकाखाली, हाताने करता येणाऱ्या स्वस्त मोजणी पद्धतीची पडताळणी केली आणि तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध केले. या पद्धतीत सीडी४ पेशींना चिकटणारे सूक्ष्म गोळे रक्तात मिसळतात आणि गोळ्यांनी वेढलेल्या पेशी मोजतात. पुढे यंत्रे स्वस्त झाली, सरकारी केंद्रांतही आली आणि या पद्धतीची गरज कमी होत गेली. सोलोमन यांच्या कामातील हा भाग फारसा सांगितला जात नाही. १९८६ च्या शोधाने रोग आहे हे कळले. परंतु रोग्याचे पुढे काय करायचे, हे कळण्यासाठी अशी मोजणी परवडणारी असणे अपरिहार्य होते.

मुलांमध्ये हीच मोजणी वेगळ्या रीतीने वाचावी लागते. तान्ह्या बाळाच्या रक्तात या पेशी प्रौढाच्या कित्येक पटींनी अधिक असतात. पहिल्या वर्षात घन मिलिमीटरमागे तीन हजारांच्या आसपास आकडा सहज आढळतो. वय वाढेल तसा तो उतरत जातो आणि पाचव्या-सहाव्या वर्षानंतर प्रौढांच्या पातळीजवळ येतो. म्हणजे १,००० हा आकडा तिशीतील माणसात समाधानकारक, तर सहा महिन्यांच्या बाळात चिंताजनक ठरतो. या कारणाने पाच वर्षांखालील मुलांत एकूण लसिकापेशींमध्ये सीडी४ पेशींचा वाटा किती टक्के आहे हे पाहतात, कारण टक्केवारी वयानुसार कमी बदलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वर्गीकरणात एक वर्षाखालील बाळात २५ टक्क्यांहून कमी, एक ते तीन वर्षे वयात २० टक्क्यांहून कमी आणि तीन ते पाच वर्षे वयात १५ टक्क्यांहून कमी प्रमाण तीव्र प्रतिकारन्यूनता मानले गेले.

उपचारांचे युग

१९९६ नंतर तीन औषधांच्या एकत्रित उपचाराने श्रीमंत देशांतील मृत्यू झपाट्याने घटले. तेव्हा या औषधांचा वार्षिक खर्च दहा हजार डॉलरांच्या घरात होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा साठा ३५० डॉलरांत देण्याची तयारी जाहीर केली आणि जगभरातील किंमती कोसळल्या. (या कंपनीचा एक कारखाना रायगड जिल्ह्यातच, पाताळगंगा येथे आहे.) भारतीय बनावटीची औषधे परदेशी औषधांइतकी गुणकारी आहेत का, अशी शंका तेव्हा उघडपणे घेतली जात होती. सोलोमन आणि त्यांचे सहकारी एन. कुमारसामी यांनी अशी औषधे घेणाऱ्या चेन्नईतील रुग्णांचा अनुभव २००३ मध्ये प्रसिद्ध केला. रुग्णांच्या सीडी४ पेशी वाढत होत्या आणि औषधे बहुतेकांना सोसवत होती. १ एप्रिल २००४ पासून केंद्र सरकारने निवडक सरकारी रुग्णालयांतून विषाणुरोधक औषधे मोफत देण्यास आरंभ केला, मुंबईचे जे. जे. रुग्णालय आणि चेन्नईजवळील तांबरमचे रुग्णालय त्यांत होते.

मुलांसाठी मात्र आणखी थांबावे लागले. प्रौढांच्या गोळ्या मोडून, अंदाजाने तुकडे करून मुलांना देण्याचा प्रघात होता. त्यात मात्रा कमी पडली तर विषाणू औषधाला दाद देईनासा होई, जास्त झाली तर अपाय होई. ३० नोव्हेंबर २००६ रोजी राष्ट्रीय बाल-एचआयव्ही उपक्रम सुरू झाला आणि मुलांच्या वजनानुसार देता येतील अशी औषधे सरकारी केंद्रांत उपलब्ध होऊ लागली.

उपचार सुरू झाल्यावर मुलाच्या प्रतिकारपेशींत होणारे बदल प्रौढांपेक्षा वेगळे असतात. औषधे विषाणूची वाढ रोखतात, तो पुरता नाहीसा करत नाहीत. वाढ थांबली की प्रौढाच्या रक्तात सुरुवातीला ज्या सीडी४ पेशी वाढलेल्या दिसतात, त्या बहुतांशी लसिकाग्रंथींत अडकून पडलेल्या जुन्या, स्मृतिधारी पेशी असतात. मुलांच्या छातीतील थायमस ही ग्रंथी अजून जोमाने काम करत असते. वयाबरोबर ती आक्रसत जाते. या ग्रंथीतून कोऱ्या, आजवर कोणत्याही जंतूशी गाठ न पडलेल्या पेशी सतत बाहेर पडतात आणि त्यांच्यामुळे मुलाचे प्रतिकारदल खऱ्या अर्थाने नव्याने उभे राहते. म्हणूनच लवकर उपचार मिळालेल्या लहान मुलांत पेशी जवळजवळ निरोगी मुलांच्या पातळीपर्यंत येऊ शकतात; उपचाराला उशीर झाला आणि पेशी फारच घटलेल्या असल्या तर ही भरपाई अपुरी राहते. त्याच वेळी सीडी८ या पेशींची, सततच्या विषाणूमुळे टिकून राहिलेली अवाजवी उत्तेजित अवस्था हळूहळू ओसरते.

सर्वच नुकसान भरून निघते असे नाही. प्रतिपिंडांची आठवण ठेवणाऱ्या बी पेशी उपचारापूर्वी क्षीण झालेल्या असतात. परिणामी बालपणी टोचलेल्या गोवरासारख्या लसींचे संरक्षण नाहीसे झालेले असते आणि औषधांनी प्रकृती सुधारली तरी ते आपोआप परत येत नाही. लस पुन्हा टोचावी लागते. काही मुलांत उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांत प्रकृती उलट बिघडल्यासारखी वाटते. भानावर आलेली प्रतिकारशक्ती शरीरात दडलेल्या क्षयाच्या जंतूंवर, किंवा जन्मतः टोचलेल्या बीसीजी लसीतील जंतूंवर, एकाएकी तुटून पडते. काखेत गाठी येतात, ताप चढतो. औषध बाधले असे समजून पालक ते बंद करण्याची भीती असते. अशा वेळी पालकांना आधी नीट समजावून सांगितलेले असणे, म्हणजेच समुपदेशन, औषधाइतकेच मोलाचे ठरते.

दक्षिण आफ्रिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पेशी घटण्याची वाट न पाहता तान्ह्या बाळांना निदान होताच औषधे दिली, तर मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी होतात, असे त्यातून दिसले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एक वर्षाखालील सर्व बाधित बाळांना लगेच उपचार देण्याची शिफारस केली आणि पुढे टप्प्याटप्प्याने वयाची मर्यादा वाढवली. २०११ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत चेन्नईच्या वायआरजी केअरचा आणि पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचा सहभाग होता. बाधित जोडीदाराला लवकर औषधे दिल्यास दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी टळतो, हे तिने सिद्ध केले. पेशी कितीही असोत, प्रत्येक बाधिताला उपचार, हे धोरण भारताने २०१७ मध्ये स्वीकारले. ते पाहण्यास सोलोमन हयात नव्हत्या.

बाधितांचे विवाह

औषधांमुळे रुग्ण जगू लागले, तसे त्यांच्या आयुष्यातील नेहमीचे प्रश्नही पुढे आले. आई-वडिलांना आपला आजार सांगता न आलेले तरुण लग्नाच्या आग्रहाला कंटाळून सोलोमन यांच्याकडे येत. लहान वयात विधवा झालेल्या स्त्रिया येत. सोलोमन यांनी बाधित व्यक्तींचे आपापसांत विवाह जुळवण्यास सुरुवात केली. शिक्षण, उत्पन्न, धर्म, जात यांच्या जोडीला दोघांच्या प्रतिकारपेशींची संख्या आणि रक्तातील विषाणूचे प्रमाण हेही त्या विचारात घेत. दोघांपैकी एक फार लवकर जाऊ नये आणि होणारे मूल निरोगी जन्मावे, हा त्यामागील हेतू. पत्रिका जुळवण्याच्या प्रथेत प्रयोगशाळेचा अहवाल आणून ठेवण्याचा हा प्रकार परदेशी वृत्तपत्रांना गमतीचा वाटला असला, तरी तो संबंधितांच्या गरजेतून आलेला होता. जातीचा विचार करण्यास त्यांनी विरोध का केला नाही, असा आक्षेप घेता येईल. या कामावर लव्हसिक हा माहितीपट त्यांच्या निधनानंतर प्रदर्शित झाला.

सन्मान आणि अखेर

केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान मंत्रालयाने २००९ मध्ये त्यांना राष्ट्रीय महिला जैवशास्त्रज्ञ पुरस्कार दिला. पती सोलोमन व्हिक्टर यांचे २००६ मध्ये निधन झाले होते. २०१५ मध्ये कर्करोगाचे निदान झाल्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी, २८ जुलै रोजी, चेन्नईतील राहत्या घरी सुनीती सोलोमन यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र सुनील सोलोमन हे रोगपरिस्थितिविज्ञानाचे तज्ज्ञ असून अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कार्यरत आहेत. वायआरजी केअरचे काम त्यांच्या नेतृत्वाखाली पुढे चालू राहिले.